डोके कोणाच्या हाती? कॅरिबियन स्त्रीचे केस आणि पावित्र्याचा प्रश्न

शरीराच्या घटकांत केसांचे स्थान चमत्कारिक आहे. ते जिवंत त्वचेतून उगवतात, पण स्वतः निर्जीव असतात; कापले तर दुखत नाही, आणि तरीही कापून खाली पडलेला केस ज्याच्या डोक्यावर होता त्याचाच राहतो, अशी समजूत अनेक समाजांनी कोणत्या ना कोणत्या रूपात बाळगलेली दिसते. व्रत, शोक, संन्यास, शिक्षा आणि विवाह या प्रसंगी केसांवर काही ना काही संस्कार होतो, तो यामुळेच. एडमंड लीच या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने १९५८ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात मोकळे केस, आखूड केस आणि मुंडण यांची सांगड अनुक्रमे अनिर्बंध, नियंत्रित आणि नाकारलेल्या कामभावनेशी घातली. १९६९ मध्ये सी. आर. हॉलपाइक यांनी त्याला हरकत घेऊन केस वाढवणे म्हणजे समाजाच्या शिस्तीबाहेर राहणे आणि कापणे म्हणजे शिस्तीत येणे, असा सरळ सामाजिक अर्थ मांडला. आणि गणनाथ ओबेसेकेरे यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात श्रीलंकेतील कतरगामच्या जटाधारी स्त्रियांच्या जीवनकथांवरून असे दाखवले की जटा हे सार्वजनिक प्रतीक असले, तरी ते त्या त्या स्त्रीच्या खाजगी दुःखाशी जोडलेले असते. तिन्ही विवेचने मोलाची आहेत, परंतु त्यांचे लक्ष केसांच्या टोकाच्या अवस्थांवर आहे. दर आठवड्याला धुतले, सोडवले आणि तेल लावून गुंफले जाणारे केस या सिद्धान्तांच्या हाती लागत नाहीत, कारण त्या कामात विधीचा गाजावाजा नसतो आणि ते करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात.

कॅरिबियन बेटांवरील आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या केसांचा विचार या दुर्लक्षित जागेपासून सुरू करावा लागतो. त्या केसांविषयी आजवर जे लिहिले-बोलले गेले त्याचा मोठा भाग एका द्वंद्वाभोवती फिरतो: केस सरळ करणे हे गोऱ्यांचे अनुकरण की वैयक्तिक आवड, आणि मूळचे कुरळे केस तसेच ठेवणे हा स्वाभिमान की फॅशन. हे द्वंद्व खोटे नाही. पण ते सर्वस्वी केसांच्या रूपाविषयी आहे, आणि या बेटांवरील धर्मपरंपरांनी डोक्याविषयी जो प्रश्न विचारला आहे तो मुळात रूपाचा नाहीच. हैतीतील व्होडू, क्यूबातील लुकुमी पंथ, जमैकातील रास्ताफारी आणि त्रिनिदादमधील स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट मंडळ्या यांच्यात मतभेद पुष्कळ आहेत, तरी डोके हे निव्वळ त्या माणसाच्या मालकीचे नसून कोणाच्या तरी स्वाधीन केलेले असते, ही धारणा या सर्वांत आढळते. ती एकदा मान्य केली की केस कसे असावेत हा मुद्दा मागे पडतो आणि डोक्याला हात कोणी लावावा हा मुद्दा पुढे येतो. रोजच्या केशसंगोपनाचे धार्मिक मर्म या दुसऱ्या मुद्द्यात आहे, असे येथे प्रतिपादन करायचे आहे.

या मुद्द्याला धार आणली ती इतिहासाने. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांना जहाजावर चढवण्यापूर्वी त्यांची डोकी भादरली जात. व्यापाऱ्यांच्या लेखी ती स्वच्छतेची बाब होती, परंतु ज्या समाजांत केशरचनेवरून कुळ, वय, वैवाहिक स्थिती आणि देवतेची दीक्षा ओळखली जाई, त्यांतील माणसांच्या लेखी परक्या हाताने झालेले ते मुंडण म्हणजे ओळख पुसण्याची पहिली पायरी होती. पुढे जमैकातील मळेवाला आणि इतिहासकार एडवर्ड लाँग याने १७७४ साली प्रसिद्ध केलेल्या जमैकाच्या इतिहासात असे लिहिले की आफ्रिकींच्या डोक्यावर केस नसून जनावरासारखी लोकर असते. ही नुसती शिवीगाळ नव्हती. आफ्रिकी लोक ही मनुष्याची निराळी आणि हीन जात आहे असे त्याला सिद्ध करायचे होते, आणि केस हा त्या युक्तिवादातला एक पुरावा म्हणून त्याने वापरला. माणूस या संकल्पनेची व्याख्या युरोपने स्वतःच्या प्रतिमेवरून केली आणि तीच साऱ्या मानवजातीची म्हणून चालवली, हा आक्षेप विसाव्या शतकात जमैकाच्या विचारवंत सिल्व्हिया विंटर यांनी विस्ताराने मांडला. त्याचे इतके उघड उदाहरण क्वचितच सापडेल. 'चांगले केस' आणि 'वाईट केस' हे शब्दप्रयोग इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश अशा तिन्ही भाषांच्या बेटांवर आजही घराघरांत ऐकू येतात, डॉमिनिकन प्रजासत्ताकात तर फारच. आणि त्यात चांगले म्हणजे युरोपीय केसांच्या जवळचे, हे सांगावे लागत नाही. एखाद्या माणसाच्या वागणुकीला लावायची विशेषणे त्याच्या त्वचेतून उगवणाऱ्या तंतूला लावली जातात आणि लहान मूल ती आपल्या स्वभावाचे वर्णन म्हणून ऐकत वाढते, ही यातील खरी नैतिक हानी होय.

मळ्यावरचे सहा दिवस मालकाचे असत. इंग्रजी वसाहतींत रविवार हा गुलामांना आपल्या तुकड्यावरील शेतीसाठी, बाजारासाठी आणि स्वतःच्या अंगासाठी मिळे, आणि तेवढ्या वेळात केस धुणे, सोडवणे, पुढच्या आठवड्यासाठी गुंफणे आणि त्यावर रुमाल बांधणे हे सारे उरकावे लागे. टाळूला चिकटून ओळीने घातलेल्या बारीक वेण्यांना या बेटांवर उसाच्या ओळींवरून 'केनरो' म्हणतात, यात नवल नाही. सुरिनाममधील जंगलात पळून जाऊन स्वतंत्र झालेल्या सारामाका लोकांच्या मौखिक परंपरेत, पहिल्या भाताचे दाणे एका स्त्रीने केसांत लपवून मळ्यावरून आणले अशी कथा आहे. फ्रेंच संस्कृतीच्या मार्टिनिक, ग्वाडलूप, डॉमिनिका आणि सेंट लुशिया या बेटांवर डोक्याला बांधण्याचे चौकड्यांचे कापड 'मद्रास' या नावाने ओळखले जाते आणि ते मुळात हिंदुस्थानच्या आग्नेय किनाऱ्यावरून व्यापारातून तेथे पोहोचले होते. त्याची टोके किती वर काढली आहेत यावरून स्त्रीचे मन मोकळे आहे की कोणाला दिलेले आहे हे कळते, असा तेथील लोकप्रिय संकेत. ज्या रुमालाने मालकाला स्त्रियांची डोकी झाकायची होती त्याचा त्यांनी असा निरोप्या करून टाकला.

ख्रिस्ती धर्माने यात आणखी एक गुंता घातला. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रीने प्रार्थनेच्या वेळी मस्तक झाकावे असे सांगितले आहे, तर तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र आणि पेत्राचे पहिले पत्र या दोन्हींत केस गुंफण्याच्या नटव्या सोसापासून स्त्रियांना दूर राहण्याचा उपदेश आहे. रोमन साम्राज्यातील श्रीमंत स्त्रियांची सोन्याने मढवलेली केशरचना नजरेसमोर ठेवून केलेला हा उपदेश, ज्यांच्या केसांना गुंफल्यावाचून गत्यंतर नाही अशा स्त्रियांच्या पदरी पडला, तेव्हा त्याचा अर्थच उलटा झाला. येथे वेणी हा डामडौल नव्हता, ती निगा होती. शिवाय चर्चला जाताना केस 'आवरलेले' असावेत ही अपेक्षा, आणि आवरलेले म्हणजे चपटे व चमकदार ही समजूत, दोन्ही मिळून विस्तवावर तापवलेला लोखंडी कंगवा ईस्टरच्या आदल्या दिवशीच्या तयारीचा भाग होऊन बसला. याउलट काही कडक शिस्तीच्या पेन्टेकॉस्टल मंडळ्यांत रसायने लावून केस सरळ करणे हाच मोह मानला जातो. एकाच पवित्र ग्रंथाच्या आधारे स्त्रीच्या डोक्यावर परस्परविरोधी हक्क सांगितले जावेत, हे नवे नाही. पण त्या वादात प्रत्यक्ष केस हाताळणाऱ्या स्त्रीचे मत कोणी नोंदवलेले नाही.

ते मत तिच्या कामात पाहावे लागते. अतिकुरळ्या केसांचे मूळ त्वचेच्या आत वाकलेले असते आणि केसाचा छेद गोल नसून चपटा, लांबट असतो. त्यामुळे टाळूवरचे नैसर्गिक तेल वळणांवरून उतरत टोकापर्यंत पोहोचत नाही, केस कोरडे राहतात आणि प्रत्येक वळण ही तुटण्याची जागा ठरते. असे केस कोरडेच विंचरले तर हातात नुसता चुरा येतो. म्हणून जाणती बाई प्रथम डोक्याचे चार-सहा भाग करते आणि एक सोडून बाकीचे पिळून बांधून ठेवते. मोकळ्या भागावर पाणी आणि कंडिशनर किंवा कोरफडीचा बुळबुळीत गर चोळते, त्रिनिदादमध्ये पूर्वी निवडुंगाचे पान चिरून त्याचा चीक आणि जमैकात जास्वंदीची पाने-फुले चुरगळून त्यांचा फेस वापरत. मोठा गुंता बोटांनी उकलते, आणि मगच रुंद दातांचा कंगवा हाती घेऊन टोकापासून सुरुवात करत थोडे थोडे मुळाकडे सरकते. या वेळी दुसऱ्या हाताने बटेचे मूळ मुठीत धरलेले असते, म्हणजे ओढ त्या मुठीत जिरते आणि पायरीवर तिच्या दोन गुडघ्यांमध्ये बसलेल्या मुलीच्या टाळूपर्यंत जात नाही. त्यानंतर बारीक शेपटीच्या कंगव्याने भांग पाडून, भांगावरच्या उघड्या त्वचेवर तेलाचे बोट फिरवून वेण्या घातल्या जातात, आणि रात्री उशीच्या सुती अभ्र्याने त्यांतला ओलावा शोषून घेऊ नये म्हणून सॅटिनची टोपी किंवा रुमाल चढतो. एवढे झाले की पुढचे काही दिवस केसांना कंगवा लावायचा नसतो.

तेलही बहुधा एरंडेल असते, पण मराठी घरांत औषध म्हणून ठेवलेल्या फिकट तेलाहून ते वेगळे. एरंडाच्या बिया आधी भाजतात, उखळात किंवा चक्कीत कुटून त्यांचा काळसर लगदा करतात, तो पाण्यात तासन्तास उकळतात आणि वर तरंगणारे तेल निथळून घेऊन पुन्हा आटवतात. भाजण्यामुळे त्याला धुराचा वास आणि गडद तपकिरी रंग येतो. जमैकात ते काळे एरंडेल म्हणून आणि हैतीत 'लविल मास्क्रिती' म्हणून ओळखले जाते. ते केस वाढवते या दाव्यामागे पक्का वैज्ञानिक आधार नाही; घट्ट असल्यामुळे ते ओलावा धरून ठेवते, इतके मात्र खरे.

या संगोपनाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या हाताला ओढ कशी जिरवायची हे ठाऊक असते तोच हात हलली म्हणून मुलीच्या खांद्यावर कंगव्याची पाठ मारतो, आणि ज्या तोंडून कुळाच्या गोष्टी निघतात त्याच तोंडून तिचे केस वाईट असल्याचे तिला प्रथम कळते. हात पवित्र असतो याचा अर्थ तो निर्दोष असतो असा नाही. डोके कोणाच्या हाती द्यावे हा प्रश्न गंभीर आहे तो हातात इजा करण्याचीही शक्ती असते म्हणूनच, आणि नेमकी ही गोष्ट आफ्रिकेतून आलेल्या धर्मपरंपरांनी फार स्पष्टपणे ओळखलेली आहे.

योरुबा तत्त्वविचारात 'ओरी' म्हणजे मस्तक. परंतु ते नुसते कवटीचे नाव नव्हे, तर प्रत्येक जीव जन्मापूर्वी जे दैव निवडून घेतो त्याचे ते आसन आहे आणि स्वतः एक देवताही आहे. इतर देवतांनी कृपा केली तरी स्वतःच्या ओरीने संमती दिल्याशिवाय ती माणसापर्यंत पोहोचत नाही, असे ही परंपरा मानते. क्यूबात योरुबा वंशजांनी घडवलेल्या लुकुमी पंथात, ज्याला बाहेरचे लोक सान्तेरिया म्हणतात, या विचारातून मस्तकाची प्रत्यक्ष शुश्रूषा निर्माण झाली. मन थकले, झोप उडाली, निर्णय सुचेना, तर डोक्याला 'नैवेद्य' दाखवण्याचा एक विधी आहे: किसलेले खोबरे, कोकोचे लोणी आणि अंड्याच्या कवचाची पांढरी पूड टाळूवर ठेवून, कापसाने झाकून वर पांढरे फडके बांधतात आणि ती रात्र तसेच झोपतात. दीक्षेच्या वेळी केस उतरवून देवता मस्तकावर 'बसवली' जाते. त्यानंतर दीक्षित व्यक्ती वर्षभर पांढरी वस्त्रे नेसते, आणि तिच्या डोक्याला वाटेल त्याने हात लावायचा नसतो. उतरवलेले केस टाकून न देता जपून ठेवले जातात आणि मरणानंतर त्या व्यक्तीबरोबर जातात. मुंडण हे येथेही आहे, गुलामांना जहाजावर चढवण्याआधीही होते. दोन्हींत वस्तरा तोच, फरक एवढाच की येथे डोके पुढे करणाऱ्याने ते आपणहून पुढे केलेले आहे.

हैतीच्या व्होडूमध्ये हाच विचार अधिक सूक्ष्म होतो. माणसाच्या आत्म्याचा मोठा अंश, 'ग्वो बोनांज', डोक्यात राहतो, आणि त्याच डोक्याचा एक धनी देव असतो ज्याला 'मेत तेत' म्हणजे मस्तकाचा स्वामी म्हणतात. भक्ताच्या धर्मजीवनाची सुरुवात मस्तक धुण्याच्या विधीने होते. वनस्पतींच्या पाण्याने डोके धुऊन ते पांढऱ्या कापडात बांधतात. वरच्या दीक्षेत भक्ताचे थोडे केस आणि नखांचे तुकडे एका झाकणाच्या भांड्यात घालून ते भांडे पुरोहिताच्या किंवा पुरोहितेच्या वेदीवर ठेवले जाते. आल्फ्रेड मेत्रो यांच्यासारख्या अभ्यासकांनी या भांड्यांचे वर्णन केले आहे. ज्याच्या वेदीवर हे भांडे आहे त्याच्या हाती भक्ताचे मर्मच आहे. म्हणून ही गोष्ट विश्वासाचीही आहे आणि भयाचीही. मृत्यूनंतर मस्तकाच्या स्वामीला डोक्यातून विधिपूर्वक निरोप द्यावा लागतो, तोवर मरण पुरे होत नाही.

या तत्त्वज्ञानाचे घरगुती रूप पंथाबाहेरच्या, नियमाने चर्चला जाणाऱ्या घरांतही दिसते. विंचरताना कंगव्यात आलेले केस उघड्यावर टाकायचे नसतात; ते गोळा करून जाळतात किंवा कोणाच्या नजरेस पडणार नाहीत असे टाकतात. पाखराने ते घरट्यात विणले तर डोके दुखत राहते असे काही सांगतात, आणि कोणा वैऱ्याच्या हाती लागले तर तो त्यावर करणी करील अशी भीती असते. करणी-जादूटोण्याला इंग्रजी बेटांवर 'ओबिया' म्हणतात. टॅकीच्या नेतृत्वाखाली १७६० मध्ये झालेल्या गुलामांच्या उठावानंतर जमैकात ओबियाविरुद्ध कायदा झाला आणि १८९८ चा कायदा तेथे अजून रद्द झालेला नाही. तान्ह्या मुलाचे केस ते बोलू लागण्यापूर्वी कापू नयेत, कापले तर वाचा उशिरा फुटते, अशीही समजूत आहे. सुशिक्षित वाचक याला अंधश्रद्धा म्हणेल आणि कार्यकारणाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण गळालेला केस सांभाळणारी बाई केवळ पाखराला भीत नसते. आपल्या मुलीच्या शरीराचा कोणताही अंश बेवारस नाही, असे ती तेवढ्यापुरते ठरवत असते, आणि ज्यांच्या पणज्यांच्या शरीरांची विक्री झाली त्यांच्याकडून हा हट्ट समजण्यासारखा आहे.

रास्ताफारी पंथाने मात्र हातच दूर सारला. १९३० च्या नोव्हेंबरमध्ये इथिओपियात हैले सेलासी यांचा राज्याभिषेक झाला, त्यांच्यात लेनर्ड हॉवेल आणि इतर जमैकन उपदेशकांनी देवाचा अवतार पाहिला, आणि गरीब काळ्या वस्त्यांतून हा पंथ वाढला. सुरुवातीचे रास्ता दाढी ठेवत पण केस विंचरत. बॅरी शेव्हान्स यांच्या संशोधनानुसार १९४९ च्या सुमारास स्थापन झालेल्या 'यूथ ब्लॅक फेथ' या तरुणांच्या गटातून केस न विंचरण्याचा आग्रह आला आणि कंगवा वापरणारे व न वापरणारे असे दोन तट पडले. आधार होता बायबलमधील गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला, जिथे 'नाजीर' व्रत सांगितले आहे: परमेश्वराला वाहून घेतलेल्याने द्राक्षाचा रस वर्ज्य करावा, प्रेताला शिवू नये आणि व्रताच्या काळात डोक्याला वस्तरा लावू नये. मूळ विधीत हे व्रत बहुधा मुदतीचे होते आणि शेवटी केस कापून ते यज्ञाच्या अग्नीत टाकले जात. रास्ताफारींनी ते आजन्म केले आणि वस्तऱ्याबरोबर कंगवाही वर्ज्य केला. त्या काळच्या जमैकात न विंचरलेले डोके म्हणजे वेडा किंवा बेवारशी माणूस, आणि लोकांना वाटणारी ही दहशतच त्यांनी भक्तीचे भूषण म्हणून धारण केली. राज्यसंस्थेने त्याला जुन्याच भाषेत उत्तर दिले. १९६३ च्या एप्रिलमध्ये जमैकातील कोरल गार्डन्स येथे झालेल्या हिंसक घटनेनंतर रास्ताफारींची धरपकड झाली, अनेकांच्या जटा बळाने कापल्या गेल्या, आणि त्याबद्दल जमैकाच्या पंतप्रधानांनी २०१७ मध्ये संसदेत माफी मागितली. डॉमिनिकाने तर १९७४ मध्ये 'ड्रेड' म्हणजे जटाधाऱ्यांविरुद्ध कायदाच केला.

स्त्रीच्या बाजूने पाहिले तर हे बंड अर्धेच उरते. नाजीर व्रत पुरुष किंवा स्त्री कोणीही घेऊ शकते, असे त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात स्पष्ट म्हटले आहे, तरीही रास्ताफारी पुरुषांनी दीर्घकाळ पौलाचे पत्र पुढे करून स्त्रीने जटा झाकाव्यात, पुरुष हा तिचे मस्तक आहे, असे शिकवले. बोबो शांती या कडक शाखेत हे बंधन आजही पाळले जाते. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या 'ट्वेल्व्ह ट्राइब्ज' या शाखेत स्त्रियांना तुलनेने मोकळीक मिळाली. मॉरीन रो यांनी १९८० साली पंथाच्या आतून स्त्रियांच्या स्थानाचा प्रश्न जाहीरपणे मांडला. कंगव्यापासून मुक्त झालेले डोके रुमालाखाली गेले, आणि तो रुमाल स्वेच्छेचा की आज्ञेचा, हे बाहेरून पाहणाऱ्याला सांगता येत नाही. पुष्कळ स्त्रिया तो अभिमानाने बांधतात; स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट स्त्रियाही बांधतात, ज्यांच्या उपासनेवर त्रिनिदादमध्ये १९१७ ते १९५१ बंदी होती आणि ज्यांच्या डोक्यावरचा पट्टा एकांतवासातील उपासानंतर मिळालेल्या दर्शनाची खूण असतो. कापडावरून निवाडा करणे हे पुन्हा रूपावरून निवाडा करणे होईल.

जमैकाच्या जटांचा उगम हिंदुस्थानातून १८४५ पासून गेलेल्या करारबद्ध मजुरांच्या साधूंत शोधणारे एक मत आहे. गांजा हा शब्द आणि त्याचा वापर त्या मजुरांबरोबर तेथे गेला यात शंका नाही. जटांबाबत मात्र पुरावा तेवढा भक्कम नाही, आणि केनियातील माउ माउ बंडखोरांच्या छायाचित्रांचा प्रभाव सांगणारे दुसरे मतही आहे. उगम काहीही असो, महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात यल्लम्माच्या नावाने वाढणारी जट आठवली की एक फरक ठळक होतो. तेथे केसांत जट दिसली की देवीने त्या मुलीला मागितले असे घरचे ठरवून टाकतात आणि तिला विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून ती जट कापणे हे सुधारणेचे काम ठरले. जमैकात जट कापणे हा पोलिसी अत्याचार ठरला. दोन्हीकडे वस्तू दिसायला सारखीच आहे, आणि दोन्ही निर्णय आपापल्या जागी रास्त आहेत.

'नैसर्गिक केस' या आजच्या लोकप्रिय कल्पनेची कमजोरीही येथेच आहे. केस सरळ करणाऱ्या जुन्या धाटणीच्या मलमात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, असतो. तो केसातील केराटिन या प्रथिनाचे गंधकाचे बंध कायमचे बदलतो आणि टाळूला लागला तर भाजतो. त्याला विरोध करण्यास आरोग्याचे कारण पुरेसे आहे, निसर्गाची साक्ष काढण्याची गरज नाही. कोबेना मर्सर यांनी १९८७ च्या एका निबंधात दाखवल्याप्रमाणे १९६० च्या दशकातील गोल 'आफ्रो' रचनाही खास कंगवा आणि कात्री यांनी घडवावी लागे. केस जसेच्या तसे ठेवणे ही सुद्धा एक केशरचनाच असते. निसर्गाला प्रमाण मानले की मुलीला चुलीवरच्या कंगव्यापासून सुटका मिळते, पण लगेच दुसरे कोणीतरी तिच्या निसर्गाचा अर्थ सांगायला पुढे येते. शनिवारच्या संध्याकाळी मुलीचे केस सोडवणारी बाई या वादात सहसा पडत नाही. तिच्यापुढचा सवाल केस नैसर्गिक आहेत का हा नसून ते तुटत आहेत का हा असतो.

हा वाद न्यायालयात गेला तेव्हा त्यातील अवघड भाग उघडा पडला. २०१८ मध्ये किंगस्टनजवळच्या एका प्राथमिक शाळेने पाच वर्षांच्या मुलीच्या जटा कापण्यास सांगितले. कारण दिले ते स्वच्छतेचे आणि उवांचे. २०२० च्या जुलैअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने, जे जमैकात अपील न्यायालयाच्या खालच्या पायरीवर आहे, मुलीच्या घटनात्मक हक्कांचा भंग झाला नाही असा निर्णय दिला, आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवून भंग झाल्याचे मान्य केले. अपील न्यायालयाचा निकाल योग्यच आहे, कारण शाळेचा हात हा परका हात होता. परंतु पाच वर्षांच्या मुलीच्या जटा या तिच्या निवडीच्या नसतात. त्या आईबापांच्या असतात, आणि धर्मस्वातंत्र्याचा युक्तिवाद पुढे नेला की दुसऱ्याच्या केसांनी व्रत करता येते का, हा प्रश्न उरतो.

बायबलमध्ये त्याची उदाहरणे आहेत: शमशोनाच्या जन्माआधीच त्याच्या आईला त्याच्या डोक्याला वस्तरा लावू नये अशी आज्ञा झाली, आणि हन्नाने शमुवेलासाठी तोच नवस स्वतःहून केला. पुढे यहुदी धर्मशास्त्राच्या मिश्ना या संहितेत या व्रताच्या प्रकरणात नियम आला की बाप मुलाला नाजीर करू शकतो, आई करू शकत नाही. आणि मुलाने हरकत घेतली, किंवा केस कापून टाकले, तर बापाचा नवस मोडतो. हन्नाचे उदाहरण समोर असताना आईचा हक्क नाकारणारा हा नियम विचित्रच आहे, पण मुलाच्या हरकतीला त्याने दिलेले स्थान कोणत्याही आधुनिक घटनेला शोभेल असे आहे. रास्ताफारींमध्ये अशी एकच सर्वमान्य संहिता नाही, व्होडू किंवा लुकुमीतही नाही. तेथे दीक्षेचे वय आणि संमती पुरोहित आणि कुटुंब ठरवतात. आणि ज्या आईला मिश्नाने हा अधिकार दिला नाही, तिच्याच गुडघ्यांमध्ये कॅरिबियन मुलगी दर आठवड्याला डोके सोपवून बसते, त्यामुळे तिची हरकत जेव्हा येते तेव्हा ती बहुधा त्याच पायरीवर, कंगवा चालू असताना, आईलाच ऐकावी लागते.